लठ्ठ मूल व आपला न्याय

नाताळच्या कार्यक्रमाची तयारी चालली होती. संडेस्कूलच्या मुलांना पोषाख वाटून देण्याचे काम माझ्याकडे होते. आमच्या मंडळीच्या ट्रंकेत मेंढपाळांचे चार झगे आहेत. ते फार वर्षांपूर्वी शिवलेले असून बारीक अंगाच्या मुलांच्या मापाचे आहेत. दहा वर्षांच्या एका मुलाने मेंढपाळाचे आपले बोलणे आठ दिवस आधीच पाठ करून ठेवले होते. पण झगा काही केल्या त्याला होईना. मी घाईत होतो. "अरे, याला मेंढपाळ कशाला करता? गव्हाणीजवळ एक बैल लागतोच की!" असे मी बोलून गेलो. सगळी मुले हसली. तोही हसला. पुढचे तीन रविवार तो आला नाही. नाताळचा कार्यक्रम त्याच्याविना झाला.

चौथ्या रविवारी त्याची आई एकटीच आली. उपासना आटोपल्यावर ती थांबून राहिली आणि म्हणाली, "सर, एक विचारायचं होतं. यात त्याचं चुकतं की आमचं? सासूबाई म्हणतात, मीच त्याला भरवून भरवून असा केला. शेजारच्या म्हणतात, त्याच्या जिभेला लगाम नाही. शाळेत म्हणतात, आळशी आहे. आणि आता इथं..." पुढे ती बोलली नाही. बोलण्याची गरजही नव्हती.

घरी येऊन मी योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढला. जन्मांध मनुष्याला रस्त्यात पाहून शिष्यांनी प्रभूला जवळजवळ हाच प्रश्न केला होता. पाप या माणसाचे असावे किंवा त्याच्या आईबापांचे असावे, तिसरा मार्गच नाही, असे ते धरून चालले होते. त्यांना समोरचा मनुष्य दिसलाच नाही. वादाचा एक विषय दिसला. प्रभूने त्यांचे दोन्ही पर्याय बाजूला सारले. या माणसाच्या ठायी देवाचे कार्य प्रकट व्हायचे आहे असे सांगून तो थांबला नाही. त्याने मातीला हात घातला आणि कामाला सुरुवात केली.

लठ्ठ मुलाकडे आपण, म्हणजे पालक, शिक्षक व मंडळीतले वडीलधारे, शिष्यांच्या नजरेने पाहतो की प्रभूच्या नजरेने, हा आजच्या लेखाचा विषय आहे. प्रश्न लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली जगात ५ ते १९ वर्षे वयाची सुमारे १६ कोटी मुले लठ्ठपणाच्या कक्षेत होती. १९९० साली हा आकडा साधारण ३ कोटींच्या आसपास होता. आपल्या देशात कुपोषणाने खुरटलेली मुले अद्याप फार आहेत हे खरे. पण पाच वर्षांखालील जादा वजनाच्या मुलांचे प्रमाणही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ मधील २.१ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ३.४ टक्क्यांवर गेले. हे दोन्ही प्रकार पुष्कळदा एकाच गल्लीत, कधी एकाच घरातही सापडतात.

डॉक्टरांच्या खोलीत

त्या आईच्या विनंतीवरून मी मायलेकांबरोबर लहान मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. वडिलांची कारखान्यात दिवसपाळी होती. मला वाटले होते, डॉक्टरबाई प्रथम मुलाला चांगले खडसावतील. तसे काही झाले नाही. त्यांनी आधी त्याची उंची मोजली, मग वजन केले, आणि आकडा मोठ्याने न उच्चारता कागदावर लिहिला. उंची १३८ सेंटिमीटर, वजन ४६ किलो.

हे माप कसे वाचतात ते त्यांनी आम्हांला समजावून सांगितले. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. हा हिशेब बेल्जियमच्या केतले नावाच्या गणितज्ञाने १८३२ च्या सुमारास मांडला. त्याप्रमाणे या मुलाचा आकडा २४ च्या थोडा पुढे येतो. मोठ्या माणसाच्या बाबतीत अशा आकड्याने कोणी दचकणार नाही. पण मुलाचे शरीर वाढते असते, म्हणून त्याचा आकडा वय व मुलगा-मुलगी हा भेद पाहून आलेखावर ताडावा लागतो. भारतीय मुलांसाठी आपल्या देशातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली असे आलेख ठरवून दिले आहेत. प्रौढपणी ज्या रेषा २३ व २७ वर पोचतात, त्या अनुक्रमे जादा वजनाच्या व लठ्ठपणाच्या समजल्या जातात. दहा वर्षांच्या मुलासाठी २४ हा आकडा दुसऱ्या रेषेच्याही वर होता.

मग प्रश्न सुरू झाले. जन्माच्या वेळी वजन किती होते? घरात मधुमेह, रक्तदाब कोणाला? रात्री घोरतो काय? झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो काय? सकाळी डोके दुखते काय? गुडघा किंवा मांडीचा सांधा दुखतो काय? दम्यासाठी वा कातडीसाठी कोणते औषध बरेच दिवस चालू आहे काय? किती वाजता झोपतो? शाळेत जाताना काय खाऊन जातो? घरात स्वयंपाक कोण करते, वाढते कोण? त्यांनी रक्तदाब पाहिला, पोट तपासले, मान पाहिली. मानेवर मागच्या बाजूला काळपट, जाडसर पट्टा होता. आई ओशाळून म्हणाली, "रोज घासते हो, पण निघतच नाही." डॉक्टरबाई म्हणाल्या, "घासू नका. तो मळ नाही. अंगातलं इन्सुलिन नीट काम करत नसलं म्हणजे कातडी अशी होते." साखर, यकृत आणि रक्तातील चरबी यांच्या तपासण्या त्यांनी लिहून दिल्या. थायरॉइडसारख्या ग्रंथींचा विकार असता तर मुलाची उंची बहुधा खुंटली असती. ती चांगली वाढते आहे, म्हणून त्या वाटेने फार शोध घेण्याचे कारण दिसत नाही, असेही त्यांनी सांगितले.

शेवटी त्यांनी मुलाला विचारले, "तुला काय खेळायला आवडतं?" तो म्हणाला, "पळायला आवडतं. पण मला नेहमी गोलकीपरच करतात." मी खाली मान घातली.

औषधयोजना ऐकून मला नवल वाटले. या मुलाचे वजन घटवायचे नाही, ते आहे तेथे धरून ठेवायचे, असे त्या म्हणाल्या. उंची वाढत जाईल तसतसा आकडा आपोआप खाली येईल. मुलाची वाढ ही वैद्याच्या बाजूने लढणारी असते. तिला उपाशी ठेवून दुबळी करू नये. गोड पेये बंद, तहानेला पाणी; संध्याकाळी तासभर घाम येईपर्यंत खेळ; जेवताना दूरदर्शनचा व मोबाइलचा पडदा बंद; रात्री लवकर झोप. आणि हे सर्व त्या एकट्यासाठी नव्हे, घरातल्या सगळ्यांसाठी. त्याच्या ताटात भाकरी-भाजी आणि धाकट्या बहिणीच्या हातात वेफर्सची पुडी, असे चालणार नाही.

अर्ध्या तासात त्या बाईंनी पन्नास गोष्टी विचारल्या. पण दोष कोणाचा, हे एकदाही विचारले नाही. त्या कारण शोधत होत्या. कारण शोधणे निराळे व दोष शोधणे निराळे, हे मला तेथे कळले. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, कारण दोन्हींत प्रश्न असतात. पण कारण शोधणारा माणूस पुढे काय करता येईल हे जाणण्यासाठी मागे पाहतो, आणि दोष शोधणारा आपल्याला काही करावे लागू नये म्हणून मागे पाहतो. मुलाला आळशी म्हटले की शिक्षकाची सुटका झाली. आईला फाजील लाड करणारी म्हटले की शेजाऱ्याची सुटका झाली.

दोष मुलाचा काय?

शिष्यांच्या प्रश्नाचा पहिला भाग घेऊ. मूल खादाड आहे म्हणून लठ्ठ आहे, इतके हे सोपे आहे काय?

१९९७ साली केंब्रिजच्या डॉक्टरांनी इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका पाकिस्तानी कुळातील दोन चुलत भावंडांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील मुलगी आठ वर्षांची असून तिचे वजन ८६ किलो होते. मुलगा दोन वर्षांचा व २९ किलो वजनाचा. दोघांनाही सतत भूक लागे. असे मूल पंगतीत बसले तर काय काय बोलले जाईल, हे आपण सर्वजण जाणतो. तपासाअंती असे दिसून आले की, पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचवणारे लेप्टिन नावाचे द्रव्य त्यांच्या शरीरात बनतच नव्हते. हे द्रव्य १९९४ सालीच अमेरिकेत शोधून काढण्यात आले होते. त्या मुलीला रोज त्याचे इंजेक्शन देऊ लागल्यावर तिची भूक ताळ्यावर आली आणि एका वर्षात तिचे वजन सुमारे १६ किलोंनी उतरले. तिला कोणी उपदेश केला नव्हता किंवा बोल लावला नव्हता. जे उणे होते ते भरून काढले, इतकेच.

हा रोग अतिशय दुर्मिळ आहे. आपल्या संडेस्कूलमधील मुलाला तो असण्याचा संभव जवळजवळ नाही. तथापि ती मुलगी आपणां सर्वांना एक धडा देते: भूक ही केवळ इच्छा नव्हे, ती शरीराने पाठवलेली आज्ञाही असते, आणि ही आज्ञा प्रत्येकाला सारख्याच जोराने येत नाही. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या ५४० व्यक्तींचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. त्यांची शरीरयष्टी ज्यांनी वाढवले त्यांच्याशी जुळत नव्हती; ज्यांनी जन्म दिला त्यांच्याशी जुळत होती.

इच्छाशक्तीचा अभिमान बाळगणाऱ्या ख्रिस्ती माणसाने आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात उपासमारीचा एक प्रयोग झाला. त्यासाठी ३६ तरुण स्वखुशीने पुढे आले. युद्धात शस्त्र धरायचे नाही या श्रद्धेने सैन्यभरती नाकारलेले ते तरुण होते. त्यांच्यांत ब्रदरेन, क्वेकर व मेनोनाइट या शांतिवादी मंडळ्यांचे सभासद पुष्कळ होते. युद्धाने उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हा कसे जेवू घालावे हे कळावे, म्हणून ते अर्धपोटी राहायला तयार झाले. यांच्यापेक्षा निग्रही तरुण कोठून आणणार? सहा महिन्यांत त्यांचे वजन सुमारे चौथ्या हिश्शाने घटले. ते दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तके जमवू लागले, ताटल्या चाटू लागले. काहींनी चोरून खाल्ले. पुढे पोटभर अन्न मिळू लागल्यावरही कित्येकांचे समाधान होईना. पोट तट्ट फुगले तरी भूक उरलेलीच. वर सांगितलेल्या वजन-उंचीच्या मापाला आजचे प्रचलित नाव ज्याने १९७२ साली दिले, तो अँसेल कीज हाच या प्रयोगाचा प्रमुख होता.

श्रद्धेसाठी समाजाचा रोष पत्करणाऱ्या तरुणांची जर भुकेपुढे ही स्थिती होते, तर दहा वर्षांच्या मुलाकडून "जिभेला लगाम घाल" एवढ्या उपदेशावर आपण कशाची अपेक्षा करतो? आणि हेही ध्यानात घ्यावे की ते मूल स्वतः बाजारात जात नाही, स्वयंपाक करत नाही, जेवणाची वेळ ठरवत नाही, मैदानावर इमारत बांधत नाही. जे ठरवण्याचा अधिकार ज्याच्याकडे नाही, त्याचा दोष त्याच्या माथी मारणे हा न्याय नव्हे.

मग आईबापांचा काय?

प्रश्नाचा दुसरा भाग अधिक अवघड आहे, कारण ताट तर आईबापच वाढतात. पण येथेही घाई करू नये. पुण्याजवळच्या खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या मुलांचा फार मोलाचा अभ्यास केला. त्या खेड्यांतील नवजात बालकांचे वजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. आपली बालके इतकी लहान, पण उणीव होती ती मुख्यतः स्नायूंची. चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. वरून कृश आणि आतून चरबीयुक्त, असे ते बाळ. २००४ साली डॉ. याज्ञिकांनी स्वतःचे व आपल्या एका इंग्रज डॉक्टर मित्राचे छायाचित्र एका वैद्यकीय नियतकालिकात छापले. दोघांचाही वजन-उंचीचा आकडा २२.३ होता, पण मित्राच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. तेव्हा काट्यावरचा आकडा आपल्या लोकांची सगळी हकीकत सांगत नाही. ज्या आजीने दुष्काळात अर्धी भाकर खाऊन मुलीला जन्म दिला, तिच्या नातवाचे शरीर मिळालेले अन्न साठवून ठेवू पाहते. हा आजीचा दोष म्हणायचा काय?

यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात आंबट द्राक्षांची म्हण आली आहे. बापांच्या खाण्याचे फळ मुलांना भोगावे लागते असे लोक म्हणत, आणि देवाने ती म्हण बंद करण्यास सांगितले. मुलांना भोगावे लागत नाही, असा याचा अर्थ नव्हे. भोगावे लागते हे आपण डोळ्यांनी पाहतो. देवाने बंद केला तो त्या म्हणीचा उपयोग, म्हणजे मागल्या पिढीकडे बोट दाखवून आजचे कर्तव्य टाळणे.

शिवाय आजच्या आईबापांसमोर जी बाजारपेठ उभी आहे, ती आमच्या लहानपणी नव्हती. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत फार चरबी, साखर व मीठ असलेले खाद्यपदार्थ विकू नयेत, असा नियम आपल्या देशात २०२० साली झाला. आपापल्या गावच्या शाळेभोवती एकदा फिरून पाहावे. पाच रुपयांत वेफर्सची पुडी मिळते, पाच रुपयांत पेरू बहुधा मिळत नाही. दोघेही कामावर जाणारे आईबाप संध्याकाळी थकून येतात आणि रडणाऱ्या मुलाच्या हाती जे पटकन देता येईल ते देतात. आणि गाऱ्हाणे निघाले की बोल लागतो तो फक्त आईला. त्या दिवशी दवाखान्यात वडील नव्हते, आजी नव्हती. बाळसे म्हणजे भाग्य, आणि मूल जाड तर घर सुखी, असे मानणारी आजी ही वाईट बाई नसते. तिने भुकेची वर्षे पाहिलेली असतात.

दोष नाही, पण जबाबदारी आहे

येथे कोणी वाचक विचारतील, "म्हणजे कोणाचाच काही दोष नाही, मग जसे आहे तसे चालू द्यावे काय?" असे मला मुळीच म्हणायचे नाही. प्रभूने जन्मांधाच्या आईबापांना दोषमुक्त केले, पण त्या मनुष्याला आंधळा ठेवला नाही. जबाबदारी दोषातूनच जन्मते, असे आपण समजतो. ते खरे नाही. येरीहोच्या वाटेवरच्या शोमरोन्याने त्या मनुष्याला मारले नव्हते, तरी जखमा बांधण्याचे काम त्याचेच झाले, कारण तो तेथे होता व त्याच्याजवळ तेल होते.

आईबापांजवळ तेल आहे, हे वैद्यकानेही दाखवून दिले आहे. अमेरिकेत डॉ. एपस्टाइन यांनी लठ्ठ मुलांच्या काही गटांचा दहा वर्षे पाठपुरावा केला. ज्या कुटुंबांत मुलाबरोबर आईने किंवा वडिलांनीही आपले खाणेपिणे बदलले, तेथील मुले दहा वर्षांनंतर इतरांहून चांगल्या स्थितीत आढळली. ही माहिती १९९० साली प्रसिद्ध झाली. इस्राएलमध्ये तर १९९८ साली असे दिसून आले की, मुलांना दवाखान्यात न आणता केवळ आईबापांना शिकवले, तेव्हा केवळ मुलांना शिकवण्यापेक्षा अधिक गुण आला. म्हणजे दुखणे एकाचे आणि पथ्य सगळ्यांचे. एक अवयव दुखावला तर सारे अवयव दुखावतात, ही पौलाची शिकवण घराच्या ताटालाही लागू आहे.

त्याचबरोबर, दयेपोटी गप्प राहणे हीसुद्धा प्रीती नव्हे. "मोठा झाला की उंचीत जाईल" असे म्हणून आपण आईचे समाधान करतो; काही मुले जातातही. पण मानेवरचा तो काळा पट्टा बोलत असतो. पूर्वी चाळिशीनंतर दिसणारा मधुमेह आता शाळकरी वयात दिसू लागला आहे. यकृतात चरबी साठते, रक्तदाब वाढतो, झोपेत श्वास कोंडतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ साली दिलेल्या मार्गदर्शनात, नुसती वाट पाहत बसू नये असे स्पष्ट सांगितले आहे. कुटुंबाला तीन महिने ते एक वर्ष या काळात निदान २६ तास समोरासमोर मार्गदर्शन मिळावे, बारा वर्षांनंतर जरूर तेथे औषधे द्यावीत, आणि तेरा वर्षांनंतर अति लठ्ठपणात शस्त्रक्रियेचाही विचार व्हावा, असे ते म्हणतात. यावर तेथेही वाद झाला. वाढत्या मुलाला वर्षानुवर्षे औषध द्यावे काय, ही शंका खोटी नाही, आणि पुडी विकणारा बाजार तसाच ठेवून मुलाच्या पोटावर सुरी चालवणे विचित्र वाटते हेही खरे. पण "औषध म्हणजे पळवाट, निग्रह हाच खरा मार्ग" असे म्हणणाऱ्याने ती केंब्रिजची मुलगी आठवावी. मधुमेह्याने इन्सुलिन घेतले तर त्याचा विश्वास कमी पडला, असे आपण म्हणत नाही. निर्णय त्या मुलाच्या प्रकृतीवरून, डॉक्टर व आईबापांनी मिळून करावा. मंडळीने त्यावर निकाल देऊ नये.

खादाडपणाचे काय?

खादाडपणा पाप नाही, असे मी म्हणतो आहे काय? नाही. पण खादाडपणा म्हणजे काय, हे नीट पाहावे. सहाव्या शतकात पोप पहिला ग्रेगरी याने त्याचे पाच प्रकार सांगितले: वेळेआधी खाणे, फार चोचल्याचे खाणे, फार किमतीचे खाणे, अधाशीपणे खाणे व प्रमाणाबाहेर खाणे. आपण प्रॉटेस्टंट लोक त्या परंपरेला शास्त्राचा मान देत नाही. पण निरीक्षण मार्मिक आहे. या पाचांत वजनाचा उल्लेख कोठेही नाही. सडपातळ मनुष्य खादाड असू शकतो आणि स्थूल मनुष्य मिताहारी असू शकतो. यहेज्केलाच्या सोळाव्या अध्यायात सदोमाच्या अधर्माचे जे वर्णन आहे, त्यात भरपूर अन्न, निश्चिंत सुख आणि गरिबाला हात न देणे या गोष्टी एकत्र आल्या आहेत. पापाचे मूळ तेथे आहे.

शास्त्रात कृश अंगाची पूजाही नाही. दानीएल व त्याचे सोबती राजाचे पक्वान्न नाकारून शाकान्नावर राहिले, तेव्हा दहा दिवसांनी ते इतरांपेक्षा अधिक धष्टपुष्ट दिसले, असे त्या वृत्तांतात आहे. आणि आपल्या प्रभूला लोकांनी कोणती नावे ठेवली? मत्तयाच्या अकराव्या अध्यायात तो स्वतः सांगतो की, जकातदारांच्या पंगतीला बसतो म्हणून त्याला लोकांनी खादाड म्हटले. ज्या शब्दाने आपण एखाद्या मुलाला हिणवतो, तोच शब्द आपल्या तारणाऱ्याला चिकटवला गेला होता. हे एकदा मनात ठसले म्हणजे तो शब्द पुन्हा सहज तोंडातून निघत नाही.

मंडळीने काय करावे?

१९६१ साली अमेरिकेत दहा-अकरा वर्षांच्या मुलांना सहा चित्रे दाखवण्यात आली: एक धडधाकट मूल, एक कुबड्या घेतलेले, एक चाकाच्या खुर्चीतले, एक हात नसलेले, एक चेहऱ्याला व्यंग असलेले व एक लठ्ठ. कोण किती आवडते ते क्रमाने सांगा, असे म्हटल्यावर बहुतेकांनी लठ्ठ मूल शेवटी ठेवले. चाळीस वर्षांनी हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा नावड कमी न होता वाढलेली आढळली. ही मुले जन्मतः निष्ठुर नव्हती. ती आपल्यासारख्या मोठ्यांचे विनोद ऐकत वाढली होती.

म्हणून संडेस्कूलच्या शिक्षकांना माझी नम्र विनंती आहे. कोणत्याही मुलाला अंगावरून टोपणनाव पडू देऊ नका. पडले असेल तर ते तुमच्या वर्गात बंद करा. सुवर्णवचन पाठ केल्याबद्दल चॉकलेट देण्याची आपली जुनी रीत आहे. तिच्याऐवजी पेन्सिल द्या, चित्र द्या, पुढच्या रविवारी वचन सांगण्याचा मान द्या. देवाच्या वचनाची गोडी साखरेने लावावी लागू नये. उपासनेनंतर चहाबरोबर फळे ठेवता येतील. कुंदा व करंज्या सणाला असाव्यात, दर रविवारी नसाव्यात, म्हणजे सणही सण राहील. मंडळीचे आवार संध्याकाळी मुलांना खेळायला उघडे ठेवा, आणि नेहमीच्या गोलकीपरला कधी पुढच्या फळीत खेळवा. कोणी बारीक झाले तर "आता छान दिसतोस" असेही म्हणू नका; कारण त्यातून, पूर्वी तू छान नव्हतास, हेच मुलाला ऐकू येते. आणि पुरुषमंडळींनी लक्षात ठेवावे की दवाखान्याची पायरी चढणे हे एकट्या आईचे काम नव्हे.

त्या आईला मी उत्तर दिले ते असे: "बाई, चुकलं ते माझं. तुमच्या मुलाचं नाही. पण पुढं काय करायचं ते आपण सगळ्यांनी मिळून करायचं." मग मी मुलाजवळ जाऊन त्याची क्षमा मागितली. पन्नास वर्षांच्या मास्तराने दहा वर्षांच्या मुलाची क्षमा मागावी हे त्याला चमत्कारिक वाटले असावे. तो एवढेच म्हणाला, "ठीक आहे, सर." त्याने खरोखर क्षमा केली की नाही, हे मला सांगता येत नाही. लहान मुले मोठ्यांना फार लवकर "ठीक आहे" म्हणतात.

सहा महिन्यांनी त्याचे वजन जवळजवळ तेवढेच होते आणि उंची तीन सेंटिमीटरने वाढली होती. डॉक्टरबाई संतुष्ट होत्या. आजीला तो "सुकला" असे वाटत होते. वडील आता रविवारी संध्याकाळी त्याच्याबरोबर चेंडू घेऊन मैदानावर जातात. आमच्या महिला मंडळाने मेंढपाळांचे दोन नवे झगे शिवले आहेत. ते चांगले ऐसपैस आहेत. खरे म्हणजे ते फार वर्षांपूर्वीच शिवायला हवे होते. मापात न बसणारे मूल आले तेव्हा मी मुलाला हसलो. झगा लहान आहे, हे मला सुचले नाही.

मनुष्य बाहेरचे रूप पाहतो व देव हृदय पाहतो, हे शमुवेलाला इशायाच्या घरी शिकावे लागले, आणि तो तर संदेष्टा होता. आपणांसही ते पुन्हा पुन्हा शिकावे लागेल. लहानांपैकी एकालाही आपल्या बोलण्याने अडखळण होऊ नये, आणि आपल्या हाताने त्याला थोडे तरी बरे वाटावे, एवढी कृपा प्रभू आपणां सर्वांना देवो.